बोटावरचा थेंब आणि वहींतला आंकडा



आज मी आपणांशीं बोलणार आहें तो वैद्य म्हणून नव्हे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि सारें आयुष्य प्राथमिक शाळेंत खडू-फळ्यापुढें घालविलेला एक निवृत्त शिक्षक आहें. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच कीं, गेलीं अकरा वर्षें आमच्या घरांत मधुमेह वस्तीला आहे. रोग माझ्या पत्नीचा. परंतु तिच्या बोटाला सुई टोंचणें, यंत्रावरचा आंकडा वाचणें आणि तो वहींत उतरविणें हें काम पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहे. तें करतांना माझ्या हातून जी चूक झाली, ती आपल्या हातून होऊं नये, एवढ्याचसाठीं हें भाषण.

मी राहतों बदलापुरास. कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं तीन शहरें एकामागून एक लागतात. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या निर्वासितांसाठीं लष्कराच्या जुन्या छावण्यांत वसलेल्या गांवास 1949 सालीं उल्हासनगर हें नांव मिळालें, आणि तेथील माणूस आपला पत्ता आजही कँपच्या नंबरानें सांगतो. अंबरनाथास शके 982 मधील, म्हणजे इसवी सन 1060 चें, शिवमंदिर आहे. बदलापूर उल्हास नदीच्या कांठीं आहे, आणि तेथील जांभळांचा लौकिक मोठा आहे. तिन्ही गांवांच्या तऱ्हा तीन. परंतु एक गोष्ट सारखी. घरोघरचीं माणसें पहाटेच्या लोकलनें मुंबईकडे जातात आणि रात्रीं परततात. जेवणाची वेळ गाडीवर ठरते आणि दवाखान्याची वेळ गर्दीवर. डॉक्टरांपुढें आपण तीन महिन्यांतून एकदां पांच-दहा मिनिटें बसतों. मधले नव्वद दिवस आपल्या वतीनें बोलते ती आपली वही. ती वहीच खोटें बोलली, तर डॉक्टर कितीही निष्णात असले तरी त्यांचा उपाय चुकतो.

हा प्रश्न दोन-चार घरांचा नाहीं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेल्या आणि 2023 सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनें आपल्या देशांतील मधुमेही माणसांची संख्या 10 कोटींहून अधिक ठरविली आहे. रक्तांतील साखर मोजण्याचें यंत्र, ज्याला आपण ग्लुकोमीटर म्हणतों, तें आतां औषधाच्या कोणत्याही दुकानांत मिळतें. यंत्र घरीं आलें. परंतु मापन करण्याची शिस्त त्याच्या डब्यांतून आपोआप घरीं येत नाहीं.

आतां माझी चूक सांगतों. चार वर्षांपूर्वींची, जून महिन्यांतील एक संध्याकाळ. पत्नीनें दुपारभर जांभळें चोळून त्यांचा गर काढला होता; सरबत करून लेकीकडे पाठवावयाचें होतें. "त्यांतलें एकही तोंडांत टाकलेलें नाहीं," असें ती मला पुन्हां पुन्हां सांगत होती, आणि तें खरेंही होतें. जेवणापूर्वीं नित्याप्रमाणें मीं यंत्र काढलें. तिनें पदराला हात पुसून बोट पुढें केलें. मीं सुई टोंचली, थेंब पट्टीला लावला, आणि पांच सेकंदांनीं यंत्रावर आंकडा उमटला, 318. एरवीं जेवणापूर्वींचा तिचा आंकडा 120-130 च्या आसपास असे.

मी घाबरलों, आणि घाबरलेला माणूस जसा शहाणपणाचा आव आणतो, तसा मींही आणला. डॉक्टरांना फोन करून विचारण्याऐवजीं मीं स्वतःच निकाल दिला. स्वादुपिंडाला अधिक इन्शुलिन सोडावयास लावणारी तिची सकाळची जी गोळी, ती मीं रात्रीं आणखी एक दिली; भात बंद केला आणि अर्ध्या भाकरीवर तिला पानावरून उठविलें. ती म्हणाली, "अहो, मला तर कांहींच होत नाहीं. तहान नाहीं, थकवा नाहीं. आंकडाच चुकला नसेल ना?" मीं उत्तर दिलें, "यंत्र चुकत नसतें."

रात्रीं अडीच वाजतां मला जाग आली ती तिच्या कण्हण्यानें. अंगावरचे कपडे घामानें भिजलेले, हात थरथरत होते, आणि ती मला विचारीत होती, "शाळेची घंटा झाली का?" मला निवृत्त होऊन तेव्हां कांहीं वर्षें लोटलीं होतीं. मीं दिवा लावून साखर मोजली. आंकडा आला 48. सुदैवानें ती शुद्धीवर होती, घोंट गिळूं शकत होती. साखरेचें पाणी पाजलें. पंधरा मिनिटांनीं 61. पुन्हां पाजलें. आणखी पंधरा मिनिटांनीं 92. मग दूध-पोळी खाऊं घातली आणि उजाडेपर्यंत तासातासानें मोजीत उशाशीं बसून राहिलों.

सकाळीं डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं वही पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, "गुरुजी, 318 चा आंकडा घेण्यापूर्वीं यांचे हात धुतले होते का?"

ज्यानें जन्मभर मुलांना जेवणापूर्वीं हात धुण्याचा धडा शिकविला, त्याच्यापाशीं या प्रश्नाला उत्तर नव्हतें. यंत्रानें खोटें सांगितलें नव्हतें. बोटावर जी साखर होती ती त्यानें इमानानें मोजली. तींतली किती रक्ताची आणि किती जांभळाची हें ओळखणें त्याच्या हातीं नव्हतें. तें माझें काम होतें. त्या दिवसापासून मी असें मानतों कीं, यंत्रावरचा आंकडा हा साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराची उलटतपासणी केल्याखेरीज निकाल देऊं नये.

पुढें मला समजलें कीं, ही गोष्ट कांहीं जपानी डॉक्टरांनीं प्रयोगानें पडताळून 2011 सालीं प्रसिद्धही केली होती. निरोगी माणसांना त्यांनीं संत्रें, द्राक्षें अशीं फळें सोलावयास लावलीं आणि हात न धुतां बोटाचें रक्त घेतलें. आंकडे अवाच्या सवा वाढलेले आले. विशेष हें कीं, बोट स्पिरिटच्या बोळ्यानें पुसलें तरी दोष पुरता गेला नाहीं. नळाच्या पाण्यानें हात धुतले तेव्हांच आंकडा खरा आला. म्हणजे ज्या बोळ्यावर आपला एवढा विश्वास, त्याच्याहून साधें पाणी श्रेष्ठ ठरलें.

हें यंत्र घरांत येण्यापूर्वीं काय होतें, तेंही थोडक्यांत सांगतों; म्हणजे त्याची किंमत कळेल. माझे वडील मधुमेही होते. त्यांच्या वेळीं आमच्या घरीं एक परीक्षानळी, एक स्पिरिटचा दिवा आणि बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाची बाटली असे. पांच मिलिलिटर द्रावणांत लघवीचे आठ थेंब टाकून तें उकळावयाचें. रंग निळाच राहिला तर साखर नाहीं. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटीं विटेसारखा तांबडा, अशी चढती भाजणी. मी शाळकरी वयाचा असतांना तो रंग पाहून वडिलांच्या चेहऱ्याचा रंग ओळखीत असें.

परंतु त्या परीक्षेंत मोठें वैगुण्य होतें. रक्तांतील साखर साधारण 180 च्या पुढें गेल्याखेरीज ती लघवींत उतरत नाहीं. त्यामुळें रक्तांत 160 असो कीं 60 असो, नळींतला रंग निळाच. साखर धोकादायकपणें खालीं गेली, तर ती नळी त्याचा पत्ताही लागूं देत नसे. शिवाय लघवी म्हणजे मागील कांहीं तासांची सांचलेली बातमी. या क्षणाचें वर्तमान तींत नाहीं.

रक्त मोजणारें पहिलें छोटें यंत्र अमेरिकेंत 1970 च्या सुमारास निघालें. तें डॉक्टर आणि रुग्णालयें यांच्यासाठीं होतें, रोग्याच्या हातीं देण्यासाठीं नव्हतें. रिचर्ड बर्नस्टीन नांवाचा एक इंजिनिअर लहानपणापासून मधुमेहानें त्रस्त होता. त्याची पत्नी डॉक्टर असल्यामुळें तिच्या नांवावर त्यानें तें यंत्र मिळविलें आणि दिवसांतून अनेक वेळां स्वतःचें रक्त स्वतः तपासून आपला आहार व इन्शुलिन यांचा मेळ बसविला. पुढें हाच मनुष्य वैद्यकाचें शिक्षण घेऊन स्वतः डॉक्टर झाला. घरच्या घरीं मोजण्याच्या प्रथेला बळ मिळालें तें अशा रोग्यांमुळें. आपण घरीं मोजतों तेव्हां डॉक्टरांच्या कामांत लुडबुड करीत नाहीं. आपल्या वांट्याचें काम करतों.

आतां यंत्र चालतें कसें? खरें काम यंत्र करीत नाहीं. तें करते ती नखाएवढ्या रुंदीची पट्टी. तिच्या टोंकाला एका जैविक द्रव्याचा अतिशय पातळ लेप असतो. शास्त्रज्ञ त्याला एन्झाइम म्हणतात. हें द्रव्य रक्तांतल्या साखरेवर क्रिया करतें, त्या क्रियेतून सूक्ष्म वीजप्रवाह उत्पन्न होतो, आणि यंत्र तो प्रवाह मोजून त्याचा आंकडा करतें. साखर जास्त तर प्रवाह जास्त. म्हणजे सारी मदार त्या लेपावर. आणि लेपाचे शत्रू दोन, ओल आणि ऊन. आमच्या तिन्ही गांवांत या दोहोंची कमतरता नाहीं.

बदलापूरचा पावसाळा ज्यांनीं पाहिला आहे त्यांना ओलीचें वर्णन करून सांगावयास नको. जून ते सप्टेंबर कपाटांतल्या कपड्यांना वास येतो, मिठाच्या बरणींत पाणी सुटतें, पापडाचा डबा दोन मिनिटें उघडा राहिला तर पापड मऊ पडतो. तीच दशा पट्टीची. अंबरनाथच्या शिवमंदिराच्या दगडानें साडेनऊशेंहून अधिक पावसाळे अंगावर घेतले. आपल्या पट्टीला उघड्या झाकणाची एक रात्रही सोसत नाहीं. तिच्या बाटलींत ओल शोषून घेणारें द्रव्य बसविलेलें असतें, तें उगाच नव्हे. म्हणून पट्टी काढतांक्षणींच झाकण घट्ट लावावें. आठवड्याच्या पट्ट्या सोयीसाठीं दुसऱ्या डबींत किंवा कागदाच्या पुडींत काढून ठेवूं नयेत. ओल्या बोटांनीं बाटलींत हात घालूं नये. ज्यांच्याकडे आठवड्यांतून एखाद्याच वेळीं मोजतात, त्यांनीं प्रत्येक पट्टी स्वतंत्र पाकिटांत असलेला प्रकार मिळाला तर तो घ्यावा.

बाटलीवर छापलेली मुदत तर पाहावीच. परंतु बाटली उघडल्यापासून किती महिन्यांत संपवावी हेंही बहुतेक कंपन्या लिहितात, आणि तो काळ छापील मुदतीहून पुष्कळच थोडा असतो. मीं एक साधी रीत ठेविली आहे : बाटली उघडली कीं त्याच दिवशींची तारीख तिच्यावर पेनानें लिहितों. वर्गाच्या हजेरीपटावर तारीख नसेल तर हजेरीला अर्थ नाहीं; तसेंच हें.

उन्हाचें असें कीं, पुष्कळ बाटल्यांवर सुमारें 30 अंशांची मर्यादा छापलेली असते, आणि चैत्र-वैशाखांत आमचीं पत्र्याचीं घरें ती केव्हांच ओलांडतात. पट्ट्या गॅसच्या शेगडीजवळ, खिडकींत, दूरदर्शन-संचाच्या वर, किंवा उन्हांत उभ्या केलेल्या स्कूटरच्या डिकींत ठेवूं नयेत. घरांतील सर्वांत थंड खोलींतील आंतला फडताळाचा कप्पा ही त्यांची जागा. कांहीं मंडळी त्या शीतकपाटांत ठेवतात. तेंही बरें नव्हे. थंड बाटली दमट हवेंत उघडली कीं आंत बाष्प धरतें, म्हणजे ऊन टाळून आपण ओलीला निमंत्रण देतों.

आतां प्रत्यक्ष कृति. हात साबणानें आणि पाण्यानें धुवावेत; पाणी कोमट असल्यास उत्तम, कारण गार बोटांत रक्त कमी उतरतें. नंतर हात पूर्ण कोरडे करावेत. ओलें बोट थेंबाला पातळ करतें आणि आंकडा खोटा कमी दाखवितें. स्पिरिट वापरलेंच तर तें उडून जाईपर्यंत थांबावें. सुई बोटाच्या मध्यभागीं टोंचूं नये, कडेला टोंचावी. तेथें वेदना कमी आणि रक्त पुरेसें. रोज बोट बदलावें. हात क्षणभर खालीं सोडून बोटाच्या मुळापासून टोंकाकडे हलकेंच चोळावें. टोंक करकचून पिळूं नये. पिळल्यानें रक्ताबरोबर पेशींभोंवतींचें पाणी बाहेर येतें आणि मापन बिघडतें. प्रवासांत हात धुणें अशक्यच असेल, तर पहिला थेंब कोरड्या कापसानें पुसून दुसरा थेंब घ्यावा. थेंब पुरता एकदांच लावावा. कमी पडला म्हणून त्याच पट्टीवर दुसरा चढविण्यापेक्षां ती पट्टी टाकून द्यावी. पट्टी महाग आहे हें मी जाणतों. पेन्शनरास तें कोण शिकविणार? परंतु खोटा आंकडा पट्टीहून महाग पडतो, हें मीं त्या जूनच्या रात्रीं पाहिलें आहे.

वेळेविषयींही तितकीच दक्षता हवी. "उपाशीं पोटीं" म्हणजे निदान आठ तास कांहीं न खाल्लेलें पोट. सकाळचा साखरेचा चहा आणि दोन बिस्किटें झाल्यावर तें पोट उपाशीं राहत नाहीं. "जेवणानंतर दोन तास" हे दोन तास पहिल्या घांसापासून मोजावयाचे, हात धुतल्यापासून नव्हे. बहुतेक प्रौढ माणसांसाठीं जेवणापूर्वीं 80 ते 130 आणि जेवणानंतर 180 च्या आंत, असें साधारण मान सांगतात. परंतु वय, इतर रोग आणि औषधें पाहून प्रत्येकाचें मान त्याच्या डॉक्टरांनींच ठरवावयाचें असतें. शेजाऱ्याचा चष्मा जसा आपल्याला लागत नाहीं, तसें शेजाऱ्याचें मानही लागूं पडत नाहीं.

ज्यांचे नातलग परदेशीं आहेत, आणि अशीं घरें उल्हासनगरांत पुष्कळ, त्यांना एक सूचना. इंग्लंड-कॅनडाकडून आलेलें यंत्र कधीं 7.2 असा आंकडा दाखवितें. तो घाबरण्याचा किंवा हंसण्याचा विषय नाहीं. तेथील माप निराळें आहे. त्या आंकड्यास 18 नीं गुणिलें कीं आपला आंकडा मिळतो : 7.2 म्हणजे सुमारें 130.

आतां वहीकडे येतों. आमच्या पूर्वींच्या वहींत दोनच रकाने होते, तारीख आणि आंकडा. आतां सहा आहेत : तारीख, वेळ, उपाशीं कीं जेवणानंतर, हात धुतले कीं नाहीं, आंकडा, आणि शेरा. शेऱ्याच्या रकान्यांत "काल लग्नाचें जेवण", "ताप", "गाडी रखडली, रात्रीं अकराला जेवण", "गोळी विसरली" अशा नोंदी असतात. डॉक्टर आतां आंकड्याआधीं शेरा वाचतात. एक गोष्ट आग्रहानें सांगतों : वाईट आंकडा वहींतून वगळूं नये. परीक्षेच्या आदल्या दिवशीं पाठ करणाऱ्या मुलाप्रमाणें डॉक्टरांकडे जाण्याआधीं दोन दिवस पथ्य करून चांगले आंकडे जमविणारे पुष्कळ आहेत. ते फसवितात कोणाला? तीन महिन्यांची सरासरी सांगणारी जी एचबीएवनसी नांवाची रक्ततपासणी आहे, ती अशा विद्यार्थ्याला बरोबर पकडते. तिचा आंकडा 7 आला तर त्या काळांतील सरासरी साखर 154 च्या आसपास होती असें समजतात. वहींत मात्र सारे 110-120 दिसत असतील, तर कोठेंतरी पाणी मुरत आहे.

सगळी काळजी घेऊनही यंत्र सोन्याचा कांटा होत नाहीं. या यंत्रांसाठीं 2013 चें जें आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याप्रमाणें साखर 100 किंवा अधिक असतां शंभरांपैकीं पंचाण्णव आंकडे प्रयोगशाळेच्या आंकड्याहून 15 टक्क्यांच्या आंत-बाहेर असले म्हणजे यंत्र चांगलें. म्हणजे खरी साखर 200 असतां यंत्रानें 175 दाखविले काय किंवा 225 दाखविले काय, यंत्र उत्तीर्णच. म्हणून काल 142 आणि आज 151 आले, यावर घरांत चर्चा करण्याचें कारण नाहीं. तो साखरेचा फरक आहे कीं यंत्राचा, हें सांगतां येणार नाहीं. पाहावयाचा तो कल. आठ-दहा दिवस सकाळचा आंकडा चढतच चालला असेल, तर मात्र ती खरी बातमी.

यंत्र पडताळावयाचें असेल तर सहा महिन्यांतून एकदां, प्रयोगशाळेंत उपाशीं पोटीं रक्त देतांना यंत्र बरोबर न्यावें आणि त्याच वेळीं, त्याच ठिकाणीं, धुतलेल्या बोटाचा थेंब मोजून आंकडा लिहून ठेवावा. जेवणानंतर ही तुलना करूं नये, कारण त्या वेळीं बोटाच्या रक्तांत शिरेच्या रक्ताहून साखर अधिक असते. घरीं सकाळीं सहाला मोजावें, दहाला प्रयोगशाळेंत जावें, आणि दोन आंकडे जुळले नाहींत म्हणून यंत्राला दोष द्यावा, हा अन्याय आहे. आणखी एक : ज्यांच्या अंगांत रक्त कमी आहे, त्यांच्या बाबतींत यंत्र खऱ्याहून जास्त आंकडा दाखवूं शकतें. आपल्या घरांतील स्त्रियांत हा दोष किती आढळतो, तें सर्वांना ठाऊक आहे. म्हणून हिमोग्लोबिनचा आंकडाही डॉक्टरांना दाखवावा.

मग कोणत्या आंकड्यावर विश्वास ठेवावा आणि कोणत्यावर नाहीं? माझा नियम असा. आंकडा आणि शरीर एकच गोष्ट सांगत असतील तर विश्वास ठेवावा. आंकडा मोठा आणि शरीर मजेंत असेल, तर हात धुवून, नवी पट्टी घेऊन, दुसऱ्या बोटाचा थेंब पुन्हां मोजावा. दुसऱ्यांदांही तसाच आला तर डॉक्टरांना विचारावें. औषध आपल्या मनानें वाढवूं नये; मीं वाढविलें त्याचें फळ आपण ऐकलें. मोठ्या आंकड्याबरोबर उलट्या, धाप किंवा गुंगी असेल, तर वही मिटून तडक रुग्णालय गांठावें.

साखर उतरल्याचीं लक्षणें, म्हणजे घाम, थरथर, भूक, छातींत धडधड, असंबद्ध बोलणें हीं दिसत असतील, तर नियम उलटा. तेथें यंत्र शोधण्यांत वेळ दवडूं नये. आधीं साखर द्यावी. आंकडा 70 च्या खालीं असेल तरीही हेंच. साधारण 15 ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे साखर पाण्यांतून द्यावी, पंधरा मिनिटांनीं पुन्हां मोजावें, आणि उतरलेलीच असेल तर पुन्हां द्यावी. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र त्याच्या तोंडांत कांहींही ओतूं नये. तात्काळ रुग्णालयांत न्यावें. गोळीनें उतरलेली साखर एकदां वर येऊन पुन्हां उतरूं शकते, म्हणून बरें वाटलें तरी डॉक्टरांना त्याच दिवशीं कळवावें.

गाडीनें जाणाऱ्यांनीं साखरेची पुडी खिशांत ठेवावीच. 27 जुलै 2019 रोजीं उल्हास नदीच्या पुरांत बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून पडली, आणि एक हजारांहून अधिक प्रवासी तासन्‌तास पाण्यानें वेढलेले होते. अशा गाडींत इन्शुलिन घेतलेला, पण जेवण न झालेला एखादा माणूस असेल, तर त्याला त्या पुडीचें मोल कोणी समजावून सांगावें लागत नाहीं.

शेवटची गोष्ट सुईची. आमच्याकडे शेजारधर्म मोठा. "गुरुजी, जरा आमचीही साखर बघा," असें म्हणून संध्याकाळीं चार माणसें येतात. यंत्र दाखवावें, रीत शिकवावी. परंतु एकाची सुई दुसऱ्यास कदापि लावूं नये, आणि सुई बसविण्याचें पेनही एकाचें एकानेंच वापरावें. त्यांतून कावीळीसारखे रक्तांतून पसरणारे रोग एका घरांतून दुसऱ्या घरांत जातात. वापरलेली सुई उघड्या कचऱ्यांत टाकूं नये. जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या बरणींत सांचवावी आणि भरली कीं दवाखान्यांत विचारून योग्य ठिकाणीं द्यावी. आपला कचरा कोणीतरी हातानें निवडतो; त्याच्या बोटालाही आपल्याइतकेंच दुखतें.

श्रोतेहो, मीं जन्मभर मुलांचे पेपर तपासले. उत्तर बरोबर आलें म्हणून मी कधीं पुरे गुण दिले नाहींत; रीत दाखव, असें म्हणत असें. पत्नीच्या बोटावरच्या थेंबापुढें मात्र मीं रीत पाहिली नाहीं. नुसतें उत्तर पाहिलें आणि निकाल लावला. ती आज सुखरूप आहे. दर वर्षीं जून लागला कीं ती जांभळांचा गर काढते, आणि संध्याकाळीं मी यंत्र काढूं लागलों कीं आपण होऊन मोरीकडे जाते. नळाचा आवाज ऐकूं आल्याखेरीज मी बाटलीचें झाकण उघडीत नाहीं. आपणही उघडूं नये, एवढीच माझी प्रार्थना.